राखुंडीतला शाळू

आमच्या प्रयोगशाळेत दात घासणारं एक यंत्र आहे. त्याला तोंड नाही, दातही नाहीत, पण घासण्याचं काम ते इतकं इमानेइतबारे करतं की माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी त्याच्याकडे शिकवणी लावायला हरकत नाही. लोखंडी चौकटीत ब्रश आडवे बांधलेले आहेत. खाली पसरट भांडी, भांड्यांत ॲक्रिलिकच्या काचेसारख्या पारदर्शक पट्ट्या, आणि पट्ट्यांवर टूथपेस्टमध्ये घालायची पूड पाण्यात कालवून ओतलेली. बटण दाबलं की ब्रश पुढे-मागे जायला लागतात. त्यांना हलवणारी मोटर ट्रकच्या वायपरची आहे. नळदुर्गला हायवेवर भंगारात निघालेल्या एका ट्रकमधून गॅरेजवाल्यानं ती काढून दिली आणि वर म्हणाला, "मॅडम, आतापर्यंत पावसाचं काम केलं हिनं, आता दाताचं करंल."

मी धाराशिवच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. माझा विषय औषधी वनस्पतींचा. पानं, मुळं, साली सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या आणि मुलांना दाखवायच्या, यात माझी हयात गेली. दातांच्या भानगडीत मी पडले ती मुलांच्या प्रकल्पामुळे. टूथपेस्टमध्ये जे पदार्थ घालतात ते दाताला किती खरवडतात हे त्यांना मोजायचं होतं. लोकांना वाटतं दात फेसानं साफ होतात. फेस नुसता शोभेला असतो. काम करते ती पेस्टमधली बारीक पूड. खडूची असेल, सिलिकाची असेल, हल्ली कोळशाचीही असते. ही पूड दातावरून घासत जाते आणि चढलेला थर काढते. ती फार मऊ असेल तर थर निघत नाही, फार कडक असेल तर थरासोबत दातही निघतो. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची, एवढंच आमचं काम.

करायचं काय, तर पट्टी आधी वजन करून घ्यायची. मग यंत्राखाली घासायची, धुवायची, वाळवायची, पुन्हा वजन करायची. जेवढी घटली तेवढी झिजली. त्यानंतर ती खिडकीच्या उजेडात तिरपी धरायची, आणि शेवटी तिच्यावरून हलकेच नख फिरवायचं. सुरुवातीला मुलं नखाला हसायची. पण तराजूला न कळणारं नखाला कळतं हे त्यांना लवकरच कळलं.

मी पहिल्यांदा थक्क झाले ती खडूच्या पुडीनं. दोन बोटांत चोळली तर बोटांच्या मध्ये काही आहे असंसुद्धा वाटत नाही, इतकी तलम. आणि तीच पूड ब्रशाखाली घासली की काचेसारखी पट्टी धुरकट होते. जो कण बोटाला जाणवतही नाही तो आपली खूण ठेवून जातो. नंतर आम्ही तांब्याच्या पट्ट्याही लावून पाहिल्या. तिथं उलटंच. काळपट तांबं घासल्यावर लखलखायला लागलं. मुलं म्हणाली, मॅडम, इथं ओरखडे पडलेच नाहीत. मी म्हटलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरा. धरलं, तर सगळी पट्टी ओरखड्यांनी भरलेली. इतके बारीक आणि इतके दाट ओरखडे की डोळ्याला ते दिसत नाहीत, त्यांची चकाकीच दिसते. त्या दिवशी घरी जाऊन मी स्वयंपाकघरातली सगळी भांडी जरा वेगळ्या नजरेनं पाहिली.

एरवी हे सगळं कॉलेजपुरतं राहिलं असतं. पण मध्येच आमच्या अण्णांचे दात आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. बेंबळीला राहतात, भाऊ आणि वहिनी त्यांच्यासोबत असतात. थोडी कोरडवाहू जमीन आहे, तिच्यात पिढ्यानपिढ्या शाळू होतो. शाळू म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. अण्णांचं वय झालंय, गुडघे कुरकुरतात, पण दात सगळेच्या सगळे जागेवर. त्याचा त्यांना भारी तोरा. कुणी कवळी घातलेला म्हातारा भेटला की मुद्दाम त्याच्यासमोर हरभऱ्याचे फुटाणे काढायचे आणि कडाकडा फोडायचे. आई होती तेव्हा ती म्हणायची, "आवं, जनाची न्हाय तर फुटाण्याची तरी लाज धरा."

आईला जाऊन दोन पावसाळे झाले होते. त्या वर्षी वेळ अमावस्येला मी बेंबळीला गेले. आमच्याकडे या सणाला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळा गाव शेतात. शाळू छातीएवढा उभा असतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिल यांवर तुटून पडायचं. आंबिल म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेलं, मातीच्या बिंदगीत रात्रभर गार झालेलं, आंबट-थंड असं अमृत. अण्णा ते ग्लासानं पीत नसत, तांब्यानं पीत. त्यांना आंबिल वाढता वाढता आई दमायची.

त्या येळवसेला त्यांनी ग्लास ओठाला लावला, थबकले, आणि बाजूला ठेवून दिला. कुणी बघत नाही असं पाहून आंबिल मातीत ओतलं. मी बघत होते.

"अण्णा, काय झालं?"

"काय न्हाय. आंबट झालंय जरा."

आंबिल आंबट झालं म्हणजे ऊस गोड झाला म्हणण्यासारखं होतं. मी त्यांना कोपीच्या बाहेर उन्हात बसवलं आणि म्हटलं, आ करा. बऱ्याच कुरबुरीनंतर त्यांनी आ केला. बाहेरून दात ठणठणीत होते. पण मी ओठ वर केला. हिरडीला लागून, जवळजवळ प्रत्येक दाताच्या मानेशी आडवी खाच पडलेली होती. आमच्या विहिरीच्या काठाच्या दगडावर दोरानं पडलेली असते तशी गुळगुळीत, खोल खाच.

"कवापासून दुखायलंय?"

"दुखत कुठं हाय? गार लागलं की जरा कळ येती, बस." मग जरा थांबून म्हणाले, "गार पानी सोडलंय म्या. कोमट पितो."

ज्या माणसानं आयुष्यभर पहाटेचं विहिरीचं पाणी वरून घटाघटा प्यायलं, तो कोमट पाणी पीत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. मला रागही आला आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना धाराशिवला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आरसा फिरवून सगळे दात पाहिले. दाताच्या डोक्यावरचं कवच शरीरातलं सगळ्यात कठीण असतं, पण मानेशी ते पातळ होत जातं आणि त्याखालचा भाग मऊ असतो; अण्णांचा तो मऊ भाग खरवडून निघाला होता. "हे असंच चाललं तर एकेक दात मानेतून मोडायला लागेल," डॉक्टर म्हणाले. "खाचा मी भरून देतो. पण खरवडणं थांबलं नाही तर भरलेलंही टिकणार नाही. बाबा, दाताला काय लावता?"

"बुरूश. पेस्ट," अण्णा शाळकरी मुलासारखे म्हणाले. आई गेल्यानंतर गावात दातांचं शिबिर झालं होतं, तिथं सगळ्या म्हाताऱ्यांना बोट सोडून ब्रश धरायला सांगितलं होतं. अण्णांनी तो धरला होता. डॉक्टर बुचकळ्यात पडले. नुसत्या ब्रश-पेस्टनं एवढ्या थोड्या काळात एवढी झीज होऊ नये, असं त्यांचं म्हणणं. मीही तेच मोजत आले होते, त्यामुळे मलाही ते पटेना.

उलगडा झाला तो बेंबळीला, त्यानंतरच्या रविवारी सकाळी. अण्णा मोरीपाशी बसले होते. ब्रश ओला केला. त्यावर पेस्ट घेतली. मग कोनाड्यातला जुना पत्र्याचा डबा उघडला आणि पेस्ट लावलेला ब्रश त्यात बुडवून करड्या रंगाचा बाहेर काढला.

"अण्णा! ह्ये काय करायलाव?"

"का? बुरूश सांगितला, बुरूश घेतला. पेस्ट सांगितली, पेस्ट घेतली. राखुंडी सोडा आसं कुणी म्हनलं?"

खरंच, कुणीच म्हटलं नव्हतं. असा तोडगा निघेल हे शिबिरवाल्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

राखुंडी आईच्या हातची होती. आमच्या म्हशीच्या शेणाच्या गोवऱ्या येळवस झाली की ती निवडून बाजूला ठेवायची. अंगण झाडून, एक जागा सारवून तिथं त्या रचायच्या, पेटवायच्या, आणि पाणी न मारता आपोआप निवू द्यायच्या. मग राख कुटून जुन्या लुगड्याच्या पदरातून गाळायची. मीठ आणि लवंग घालून डब्यात भरायची. लहानपणी आम्ही सगळे त्यानंच दात घासायचो. पुढे घरात पेस्ट आली, आम्ही फितूर झालो, अण्णा राहिले. आता वहिनी गॅसवर स्वयंपाक करते, म्हैस केव्हाच गेली, गोवऱ्या थापणारं कुणी नाही. डब्यात होती ती आईनं केलेली शेवटची राखुंडी.

मी चिडले होते. डबा उचलून बाजूला ठेवत म्हटलं, "आजपासून ह्ये बंद. दात खाल्ले ह्यानं तुमचे."

अण्णांचा चेहरा पडला. दातांबद्दल ऐकून इतका पडला नव्हता. "तुझ्या मायनं केलेलं हाय त्ये," ते म्हणाले. "समदी उमर लावलं. तवा न्हाय खाल्ले दात, आन् ती गेल्यावर खायला लागलं व्हय?"

प्रश्न रास्त होता. आयुष्यभर वापरून शाबूत राहिलेले दात दोन वर्षांत कसे झिजले? अण्णांनी वर्तमानपत्राचा कागद फाडला, चमचाभर राखुंडी त्यात घेतली, नीट पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली.

"तुझ्या मशिनीला इचार. पर नीट इचार. आन् सांडू नको, पुन्ना करनार कोन न्हाय."

मला कळून चुकलं की त्यांना दातांची फिकीर नव्हतीच. आपल्या बायकोच्या हातच्या वस्तूनं आपलं वाटोळं केलं का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. तसं झालं असेल तर ते ऐकणं त्यांना जड जाणार होतं, पण खोटं उत्तर ते ऐकून घेणारही नव्हते.

सोमवारी पुडी घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. यंत्राकडे जायच्या आधी सवयीनं चिमूटभर राख काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. गचाळ दिसत होतं सगळं, मिठाचे खडे, कोळशाचे काळे तुकडे. म्हणून थोडी राख आम्लात टाकली. फसफसली, जे विरघळायचं ते विरघळलं, तळाशी पांढुरका गाळ राहिला. तो धुऊन पुन्हा काचेवर घेतला आणि डोळा लावला.

आत डमरू होते.

इवलेसे, स्वच्छ, पारदर्शक डमरू. दोन्हीकडे गोलसर, मध्ये बारीक. एखाद-दुसरा असता तर मी म्हटलं असतं, योगायोग. पण जिथं काच सरकवावी तिथं डमरू. काही सुटे, काही अजून एका ओळीत एकमेकांना धरून. मध्येच करवतीसारख्या दातेरी कडांच्या लांब सळया. मी मान वर केली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. होते तसेच होते.

या आकारांना मी ओळखत होते, त्यामुळेच अंगावर काटा आला. ज्वारीच्या पानाची वरची त्वचा सोलून मी दर वर्षी मुलांना दाखवते. त्या त्वचेत, शिरांच्या वर, असेच डमरू ओळीनं बसलेले असतात. झाड मातीतल्या पाण्यातून विरघळलेली वाळू पिऊन घेतं आणि पानात तिची काच करतं. लहानपणी शाळूतून पळताना हातापायांवर बारीक चरे उठायचे ते या काचेनं. हे सगळं मला पाठ होतं, परीक्षेत विचारत होते. पण ते राखेत भेटेल असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

मी बसल्या जागी उलटा प्रवास केला. ही राख गोवरीची. गोवरी म्हशीच्या शेणाची. म्हशीनं खाल्ला तो आमच्या वरल्या रानातल्या शाळूचा कडबा. म्हणजे काळ्या मातीतली वाळू पाण्यात विरघळून मुळांतून वर चढली, पानात काच झाली, उन्हात वाळली. म्हशीनं ती चावली, रवंथ केली, पोटातून बाहेर टाकली. आईनं ती थापली, वाळवली, पेटवली, कुटली, लुगड्यातून गाळली. आणि एवढं सगळं होऊन त्या डमरूचा एक कोपरासुद्धा झिजला नव्हता. गवत जळलं, म्हैस गेली, आई गेली, आणि तिनं जाळलेल्या शाळूचं पान माझ्यासमोर काचेत जसंच्या तसं उभं होतं. शास्त्र शिकवणाऱ्यानं ऊठसूट गहिवरू नये अशा मताची मी आहे. त्या दिवशी ते मत मी खुंटीला टांगलं. वर्गातल्या सगळ्यांना बोलावलं आणि एकेकाला डोळा लावायला सांगितलं. माझा आवाज ऐकून कुणी चेष्टा केली नाही.

मग यंत्र लावलं. राखुंडी आणि ब्रश. काय होणार ते मला कळून चुकलं होतं, आणि तसंच झालं. पट्टी निघाली ती नुसती धुरकट नव्हती, तिच्यावर आडवी पन्हळ पडली होती. नख त्यात अडकत होतं. खडूच्या पट्टीवर असलं काही नव्हतं, सिलिकाच्याही नव्हतं. दाताच्या कवचाहून किंचित कमी कठीण अशी ही काच, पण दाताच्या मानेच्या मानानं फारच कठीण. आईचं पारडं हलकं पडलं होतं.

पण अण्णांनी नीट विचारायला सांगितलं होतं. आणि आई असताना अण्णा ब्रश कुठं वापरत होते? मी एक नवी पट्टी घेतली, तिच्यावर तीच राख ओली करून घातली आणि बोटानं घासायला लागले. माझं बोट भरून आलं की दुसऱ्या कुणी घासायचं, असं करत आम्ही यंत्राइतकंच घासलं. शेवटी सगळ्यांची बोटं सुरकुतली. पट्टी धुतली, वाळवली, उजेडात धरली. हलकी धूसर झाली होती, बस. पन्हळ नव्हती. नख सरळ निघून जात होतं.

म्हणजे बोट मऊ असतं, ते कणाला फार दाबत नाही, आणि हिरडीपाशी दाताच्या मानेत ते शिरतही नाही. ब्रशाचा केस मात्र नेमका तिथं शिरतो आणि काचेचा कण रेटत नेतो. राखुंडीनं बोटासोबत आयुष्य काढलं, ब्रशानं पेस्टसोबत काढलं असतं. अण्णांनी दोघांचा संसार मांडून दिला आणि दात गेले.

हे मला फोनवर सांगायचं नव्हतं. मी त्यांना बोलावून घेतलं. अण्णा एसटीनं आले, इस्त्रीचं धोतर, धुतलेली टोपी, लग्नाला निघाल्यासारखे. यंत्रापाशी त्यांना स्टुलावर बसवलं आणि बटण दाबलं. ते हात गुडघ्यांवर ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"थुकायला न्हाय लागत व्हय हिला?" म्हणाले. पोरं हसली. अण्णा हसले नाहीत. ते खरंच विचारत होते.

मग सूक्ष्मदर्शक. आधी भलताच डोळा मिटला, मग स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग काही दिसेना म्हणून वैतागले. मी त्यांच्या डोक्यामागे हात धरून त्यांना जागेवर आणलं. आणि एकाएकी ते स्तब्ध झाले. श्वाससुद्धा ऐकू येईना.

"ह्ये काय हाय?"

"शाळू हाय, अण्णा."

मी सगळं सांगितलं. माती, पान, कडबा, म्हैस, गोवरी, आई. त्यांनी डोळा काढला नाही.

"आपल्या वरल्या रानाचा?"

"व्हय."

"आन् एवढं जाळलं तरी जळला न्हाय?"

"न्हाय."

ते कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले. मला वाटलं पाठ भरून येईल. शेवटी सरळ झाले, टोपी काढली, पुन्हा घातली. "आयुष्य गेलं माजं ह्या पिकात," म्हणाले. "आत काय हाय ह्ये आज बघितलं."

मग ज्याच्यासाठी आले होते ते विचारलं. माझ्याकडे न बघता विचारलं. "मंग, तुझ्या मायचं चुकलं का?"

मी दोन पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या. "ही बोटानं घासलेली, ही बुरशानं. नख फिरवून बघा."

त्यांनी फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. पन्हळीत नख अडकलं तसं "अरं तिच्या" म्हणाले. मग बोटाच्या पट्टीवरून सरळ गेलं तसे माझ्याकडे बघायला लागले.

"मंजी तिचं बरोबर हुतं."

"व्हय."

"डाक्टरचंबी बरोबर."

"व्हय."

"मंग घोळ कुणी केला?"

"तुमी. दोघांला एका जागी आणून."

अण्णा इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या खोलीतून मुलं डोकावली. डोळ्यांतलं पाणी धोतराच्या सोग्यानं पुसलं, ते हसण्याचं होतं का दुसरं कसलं, मी विचारलं नाही.

"चला," म्हणाले. "मंजी बुरूश सोडतो. उद्यापासनं बोटानं लावतो."

आता मला तेच सांगायचं होतं जे सांगवत नव्हतं. खाचा पडून गेल्या होत्या. कवच गेलेलं परत येत नाही. उघड्या पडलेल्या मऊ भागाला आता बोटानंही राख चालणार नव्हती. डॉक्टर खाचा भरतील, त्यावर मऊ ब्रश आणि साधी पेस्ट, आणि राखुंडी कायमची बंद. मी हे सांगितलं. तुमचं सगळं खरं, तरी डबा बंद.

तांब्याची लखलखीत पट्टी टेबलावर पडली होती, अण्णांनी ती उचलून उजेडात धरली. "ह्ये कसं चकाकतंय?" मी सांगितलं की हे सगळे बारीक ओरखडेच आहेत. त्यांनी ती पट्टी बराच वेळ उलटसुलट केली, खाली ठेवली आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठले.

त्यांनी खाचा भरून घेतल्या. पण मला खात्री नव्हती. मी वहिनीला फोन करून विचारायचे, डबा कुठंय? ती म्हणायची, जागेवर हाय. राख किती हाय? ती म्हणायची, "ताई, कमीच व्हायलीय." अण्णांना विचारलं की शपथ घेऊन सांगायचे, दाताला लावत न्हाय. राख तर कमी होत होती. म्हातारा माणूस खोटी शपथ घेतोय म्हणून मी मनातल्या मनात इतकी चरफडायचे की एकदा फोन ठेवल्यावर वर्गावर उगीचच ओरडले. हट्टापायी हे दात घालवणार आणि आपण बघत बसणार, दुसरं काही मला दिसत नव्हतं.

येळवस पुन्हा आली. मी आदल्या दिवशीच बेंबळीला जाऊन मुक्काम केला, ते सकाळी त्यांना रंगेहाथ पकडायचंच असं ठरवून. उजाडलं तशी मोरीकडे गेले. अण्णा पाठमोरे बसले होते. समोर डबा उघडा. हाताचा कोपर जोरजोरात हलत होता.

"अण्णा!"

ते दचकून वळले. दात केव्हाच घासून झाले होते, मऊ ब्रश कोनाड्यात वाळत होता. त्यांच्या एका हातात चिंचेचा भिजवलेला गोळा होता, करड्या राखेत बुडवलेला, आणि दुसऱ्या हातात आईचा तांब्या. तिच्या माहेराहून आलेला, तांब्याचा. ती गेल्यापासून माळ्यावर काळा पडत होता.

"रोज घासतो," ते ओशाळल्यासारखे म्हणाले. "दाताला न्हाय चालत, ह्याला चालतं की. ओरखडेच पाडायचेत ना?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी डबा तिरका करून मला दाखवला. तळाशी पत्रा दिसत होता. "आज सपली," म्हणाले, आणि शेवटची राख तांब्याच्या गळ्याभोवती फिरवली. कुठं घाई नव्हती. मग धुतला. तो असा लखलखला की सकाळचं ऊन त्यातून भिंतीवर जाऊन पडलं.

तोच तांब्या आम्ही शेतात नेला. पूजा झाली, जेवणं झाली, अण्णांनी आंबिलाचा दुसरा ग्लास मागितला तेव्हा वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे पाहिलं. मग ते उठून विहिरीवर गेले. तांब्या बुडवून वर काढला, मान मागे टाकली आणि वरून घटाघटा प्यायले. थांबले नाहीत, तोंड वाकडं केलं नाही. मिशा पुसल्या आणि उरलेलं पाणी माझ्यापुढे धरलं.

मीही मान मागे टाकली. पाणी बर्फासारखं होतं. माझ्याच एका दाढेत अशी कळ गेली की मी तिथल्या तिथं डोळे मिटले.

"काय गं," अण्णा म्हणाले, "तू कशानं घासतीस?" आणि सगळे दात दाखवून हसले.